किचनर-वॉटर्लू की लंडन? ओंटारिओत पहिले घर कोठे घ्यावे

उंबरठा

नमस्कार. आम्ही २०१९ पासून कॅनडातील ब्रॅम्प्टनमध्ये भाड्याच्या घरात राहतो आणि आता स्वतःचे घर घेण्याचा विचार पक्का झाला आहे. ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा येथील किमती आमच्या आवाक्यात नाहीत. त्यामुळे ४०१ महामार्गाने पश्चिमेकडे सरकत सरकत आमची यादी किचनर-वॉटर्लू आणि लंडन या दोन शहरांवर येऊन थांबली आहे.

आमची परिस्थिती सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवड्यातील दोन दिवस त्याला टोरोंटोच्या डाउनटाउनमधील ऑफिसात जावे लागते, बाकीचे दिवस घरून काम. मी रजिस्टर्ड नर्स आहे आणि बारा तासांच्या पाळ्या करते. मुलगी दुसरीत आहे. सासूसासरे साताऱ्याला असतात आणि सुपर व्हिसावर येऊन बरेच महिने राहतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिन्यांचा प्रश्न आहे. आम्ही तिघेही पीआर, म्हणजे येथील कायम रहिवासी आहोत. नवऱ्याच्या नावावर कोथरूडला एक फ्लॅट आहे, तो आम्ही इकडे आल्यापासून भाड्याने दिलेला आहे. बजेट साडेसहा लाख डॉलर, फारच मनासारखे मिळाले तर सात.

एजंटशी बोलले की लंडनमध्ये त्याच पैशात मोठे घर मिळते एवढेच ऐकायला मिळते. ते खरे असेलही, पण दोन्ही शहरांत प्रत्यक्ष राहणाऱ्या मराठी मंडळींनी रोजच्या जगण्याच्या अंगाने तुलना करून सांगितली तर फार मदत होईल. शाळांच्या क्रमवारीच्या याद्या आम्ही पाहिल्या आहेत, त्यावर वेळ घालवू नये ही विनंती.

कृष्णाकाठ

मी वॉटर्लूमध्ये बरीच वर्षे राहतो आणि माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: तुमच्या परिस्थितीत किचनर घ्यावे. कारण किमतीत नाही, तुमच्या नवऱ्याच्या त्या दोन दिवसांत आहे.

किचनरहून टोरोंटो साधारण ११० किलोमीटर आहे, तर लंडनहून १९० च्या आसपास. किचनरहून गो ट्रेन ही उपनगरी गाडी थेट टोरोंटोच्या युनियन स्टेशनला जाते आणि तिला दीड ते पावणेदोन तास लागतात. हा प्रवास सुखाचा नाही, पण लॅपटॉप उघडून काम करता येते आणि हिवाळ्यात ४०१ वर ट्रकांच्या मध्ये अडकून पडण्यापेक्षा तो केव्हाही बरा. गाड्या दिवसभर दोन्ही दिशांना भरपूर धावाव्यात ही मागणी जुनी आहे. अडचण अशी की ब्रॅमली ते जॉर्जटाउन या टप्प्यातील रूळ सीएन या मालवाहतूक कंपनीच्या मालकीचे आहेत आणि तेथे प्रवासी गाड्यांना मोकळी वाट मिळणे अवघड जाते. म्हणून आज जे वेळापत्रक आहे तेच धरून चाला. उद्या वाढेल या भरवशावर घर घेऊ नका.

लंडनलाही ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रायोगिक गो ट्रेन सुरू झाली होती. ती स्ट्रॅटफर्ड आणि किचनरमार्गे जायची आणि टोरोंटोला पोहोचायला सुमारे चार तास घ्यायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती बंद झाली. आता लंडनकरांना रेल्वेने जायचे तर व्हिया रेलच उरली आहे, नाहीतर बस किंवा स्वतःची गाडी. व्हियाची गाडी सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचवते, परंतु ती आंतरशहरी गाडी आहे. तिकीट महाग असते आणि मालगाडीला वाट देण्यासाठी ती मध्येच थांबली तर सकाळची मीटिंग हुकलीच.

दुसरा मुद्दा तुमच्या नोकरीचा. किचनरमधील ग्रँड रिव्हर आणि सेंट मेरीज ही दोन रुग्णालये एप्रिल २०२५ मध्ये एकत्र येऊन वॉटर्लू रीजनल हेल्थ नेटवर्क झाली. पूर्वीच्या ग्रँड रिव्हर रुग्णालयाच्या दारातच आयॉन या लाइट रेलचा थांबा आहे. ही १९ किलोमीटरची लाइन जून २०१९ पासून वॉटर्लूमधील कोनेस्टोगा मॉल ते किचनरमधील फेअरवे अशी धावते. तुमचे घर या लाइनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर घरात एकच गाडी ठेवून भागू शकते. लंडनमध्ये तुमच्यासारख्या घराला दोन गाड्यांशिवाय गत्यंतर नाही, आणि मुलगी मोठी झाली की तिसऱ्या गाडीचा विषय निघतो.

उणेही सांगतो. येथील पाणी जड आहे. वॉटर्लू रीजनचे साधारण तीन चतुर्थांश पाणी जमिनीखालून येते, उरलेले ग्रँड नदीचे. वॉटर सॉफ्टनर नसेल तर चहाच्या किटलीच्या तळाशी आठवड्याभरात पांढरा थर धरतो, शॉवरची भोके बुजतात आणि गीझरचे आयुष्य कमी होते. सॉफ्टनरसाठी मिठाच्या गोण्या आणून ओतत राहणे हे येथील घरातील कायमचे काम आहे. सासूसासऱ्यांपैकी कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर स्वयंपाकघरातील थंड पाण्याचा नळ सॉफ्टनरला वळसा घालून जोडलेला आहे ना, हे घर पाहतानाच विचारा, कारण सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्यात सोडियम वाढलेले असते.

दक्षिणवारा

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण त्यांनी लंडनला एका परिच्छेदात निकालात काढले आहे. मी लंडनच्या पश्चिमेकडील बायरन भागात राहते आणि येथे येण्यापूर्वी केंब्रिजमध्ये राहत होते, त्यामुळे दोन्हीकडचा अनुभव आहे.

धागाकर्तीने स्वतःबद्दल जे लिहिले आहे ते पुन्हा वाचावे. नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस टोरोंटोला जायचे आहे, तेही आजच्या नोकरीत. सॉफ्टवेअरमधील नोकऱ्या दोन-तीन वर्षांत बदलतात. ऑफिसात किती दिवस यायचे याचे नियम तर सहा महिन्यांतही बदलतात. नर्सची नोकरी तशी नसते. सेवाज्येष्ठता, पाळ्यांची निवड, पेन्शन हे सगळे एकाच संस्थेत राहून वाढत जाते. लंडन हे संपूर्ण नैर्ऋत्य ओंटारिओचे वैद्यकीय केंद्र आहे. युनिव्हर्सिटी हॉस्पिटल, व्हिक्टोरिया हॉस्पिटल, त्याला जोडलेले मुलांचे रुग्णालय, सेंट जोसेफ्स, आणि पाठीशी वेस्टर्न विद्यापीठाची वैद्यकीय शाखा. अवयवरोपण, मेंदूच्या शस्त्रक्रिया, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग, ज्या विभागात जायची इच्छा असेल तो येथे आहे. किचनरमध्ये काम चांगलेच आहे, परंतु विशेषोपचाराचे बरेच रुग्ण शेवटी आमच्याकडे किंवा हॅमिल्टनला पाठवले जातात. घर पंचवीस वर्षांच्या कर्जावर घ्यायचे आणि त्याची जागा दोन दिवसांच्या ऑफिसवरून ठरवायची, हे मला पटत नाही.

दुसरे, सासूबाईंचे गुडघे. लंडनच्या वेस्टमाउंट, ओकरिज, व्हाइट ओक्स या भागांत १९६० आणि ७० च्या दशकांतील बंगलो भरपूर आहेत: तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकाच मजल्यावर, खाली पूर्ण तळघर, मागे ऐसपैस अंगण. साडेसहा लाखांत असे घर येथे सहज पाहायला मिळते. किचनरमध्ये त्या पैशात बहुधा सेमी, म्हणजे एक भिंत सामायिक असलेले जोडघर, किंवा टाउनहाउस पदरात पडते, आणि टाउनहाउस म्हणजे तीन मजले आणि दोन जिने. सुपर व्हिसावर आता एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. ज्येष्ठ मंडळी एवढी दीर्घकाळ राहणार असतील तर त्यांना दिवसातून दहा वेळा जिना चढायला लावणे योग्य नाही.

पाण्याचा प्रश्न लंडनला नाही. आमचे पाणी ह्युरॉन आणि ईरी या सरोवरांतून नळाने येते. ह्युरॉनची जलवाहिनी १९६७ पासून आहे. पाणी मध्यम जड आहे, सॉफ्टनरशिवाय बहुतेकांचे भागते.

आता लंडनच्या उणिवा. शहराच्या आतून जाणारा द्रुतगती मार्ग नाही. ४०१ दक्षिणेच्या कडेने जातो, त्यामुळे उत्तरेच्या सनिंगडेल किंवा फॉक्स हॉलो भागातून महामार्ग गाठायलाच अर्धा तास मोडतो, आणि वाटेत रेल्वेचे फाटक बंद मिळाले तर आणखी जास्त. जलद बससेवेची मोठी योजना होती, पण २०१९ मध्ये नगरपरिषदेने उत्तर आणि पश्चिम दिशेचे टप्पे वगळले आणि पूर्व व दक्षिणेचेच मंजूर केले. म्हणजे विद्यापीठाकडे आणि आमच्या भागाकडे ती येणारच नाही. हिवाळ्यात ह्युरॉन सरोवरावरून वारे सुटले की तासाभरात रस्ता दिसेनासा होतो. किचनरलाही बर्फ पडतो, पण आमच्याकडे त्याचा जोर अधिक.

उंबरठा

दोघांचेही मनापासून आभार. दक्षिणवारा ताई, नोकरीबद्दलचा तुमचा मुद्दा वाचून आम्ही दोघे काल रात्री बराच वेळ बोलत बसलो. आम्ही आतापर्यंत माझी नोकरी कोठेही मिळेल असे गृहीत धरत होतो, पण मिळणे आणि वाढणे यांत फरक आहे. मला नवजात बालकांच्या विभागात जायची इच्छा आहे, हेही खरे.

आता एक हिशेबाचा प्रश्न. दोन्ही शहरांतील सारख्या घरांच्या किमतीत साधारण एक लाख डॉलरचा फरक आम्हाला दिसतो. हा फरक महिन्याच्या खर्चात किती उतरतो? आणि कोथरूडचा फ्लॅट विकून डाउन पेमेंट वाढवावे का?

हिशेबनीस

मी करविषयक काम करतो, म्हणून यावर सविस्तर लिहितो. तुमच्या बाबतीत कोथरूडच्या फ्लॅटमुळे काही गोष्टी बदलतात आणि त्या एजंट सहसा सांगत नाहीत.

आधी किमतीतील फरक. साडेचार टक्के व्याज आणि २५ वर्षांची मुदत धरली तर एक लाख डॉलरच्या कर्जामागे महिन्याला साधारण ५५० डॉलर हप्ता पडतो. कृष्णाकाठ म्हणतात तसे लंडनमध्ये दुसरी गाडी घ्यावी लागली तर तिचा हप्ता, विमा, इंधन आणि हिवाळी टायर मिळून हीच रक्कम सहज ओलांडली जाते. मात्र गाडीचा पैसा खर्च होऊन जातो आणि घराच्या हप्त्यातील मुद्दलाचा भाग तुमच्याकडेच राहतो, हेही लक्षात घ्यावे. किचनरमध्ये एका गाडीत खरोखर भागणार असेल तरच हा युक्तिवाद किचनरच्या बाजूने उभा राहतो.

घर खरेदीच्या वेळचे रोख खर्च पाहू. साडेसहा लाखांच्या घरासाठी किमान डाउन पेमेंट पहिल्या पाच लाखांवर पाच टक्के आणि वरच्या दीड लाखावर दहा टक्के, म्हणजे ४०,००० डॉलर. एवढेच भरले तर ६,१०,००० च्या कर्जावर चार टक्के दराने २४,४०० डॉलर कर्जविम्याचा हप्ता कर्जातच मिळवला जातो. त्या हप्त्यावरचा ओंटारिओचा आठ टक्के विक्रीकर, म्हणजे १,९५२ डॉलर, मात्र कर्जात घालता येत नाही. तो रोख द्यावा लागतो. लँड ट्रान्सफर टॅक्स ९,४७५ डॉलर होईल. टोरोंटोप्रमाणे महापालिकेचा वेगळा टॅक्स या दोन्ही शहरांत नाही, एवढे समाधान.

येथे तुमचा फ्लॅट आडवा येतो. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना या टॅक्समध्ये ४,००० डॉलरपर्यंत परतावा मिळतो, पण अट अशी आहे की खरेदीदाराने जगात कोठेही पूर्वी घर घेतलेले नसावे, आणि जोडीदारानेही विवाहाच्या काळात जगात कोठेही घर बाळगलेले नसावे. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आहे, त्यामुळे तुम्ही घर फक्त स्वतःच्या नावावर घेतले तरी परतावा मिळणार नाही. फ्लॅट आता विकला तरीही नाही. वकिलाला ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. कागदोपत्री चुकीचे निवेदन पुढे फार महागात पडते.

एफएचएसए हे पहिल्या घरासाठीचे करसवलतीचे बचत खाते आणि आरआरएसपी या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यामधून घरासाठी पैसे काढण्याची सवलत यांचे नियम वेगळे आहेत. तेथे त्या वर्षी आणि आधीच्या चार वर्षांत तुम्ही स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या घरात राहत होतात का, हे पाहिले जाते. तुम्ही २०१९ पासून भाड्याने राहत आहात, त्यामुळे दोघांनाही या दोन्हींचा लाभ घेता यावा. एफएचएसएमध्ये वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलर प्रत्येकी भरता येतात, आणि आरआरएसपीमधून एप्रिल २०२४ पासून प्रत्येकी ६०,००० पर्यंत काढता येतात. मात्र आरआरएसपीत भरलेले पैसे काढण्यापूर्वी किमान ९० दिवस तेथे राहिलेले असावेत. अजून खाते उघडले नसेल तर घर मिळण्याची वाट न पाहता आताच उघडा.

फ्लॅट विकण्याबद्दल: तुम्ही कॅनडाचे करनिवासी झालात त्या दिवशी त्या फ्लॅटची जी बाजारभावाची किंमत होती, तीच कॅनडाच्या दृष्टीने तुमची खरेदी किंमत मानली जाते. नफा त्या दिवसापासून मोजला जातो. म्हणून २०१९ मधील मूल्यांकनाचा दाखला पुण्यातील मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून करून घ्या. भारतात अनिवासी व्यक्तीने घर विकले की खरेदीदार टीडीएस कापतो. भरलेल्या भारतीय करांची वजावट येथे मिळते. एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या रुपयातील खात्यातून आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम सीएच्या प्रमाणपत्रासह बाहेर नेता येते. आणि फ्लॅट भाड्याने दिलेला असल्यामुळे त्याचे भाडे येथील विवरणपत्रात दरवर्षी दाखवणे आवश्यक आहे. २०१९ ची किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर परदेशी मालमत्तेची माहिती देणारा टी-११३५ हा फॉर्मही भरावा लागतो. हे राहिले असेल तर घराच्या आधी ते मार्गी लावा.

सासरेबुवा मदत करणार असतील तर निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर भेट पाठवली तर त्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो त्यांना विवरणपत्रात वजा करून मिळतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. येथील बँक भेटपत्र आणि ९० दिवसांचे खातेउतारे मागते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात पैसे मागवू नयेत.

गारवा

विषयाला धरूनच विचारतो. मी लंडनमध्ये वर्क परमिटवर आहे, पीआरचा अर्ज अजून प्रलंबित आहे. परदेशी नागरिकांना घर घेण्यास बंदी आहे असे ऐकले. ती आम्हालाही लागू होते का?

हिशेबनीस

केंद्राची बंदी १ जानेवारी २०२३ पासून आहे आणि तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली गेली. परमिटची किमान १८३ दिवसांची मुदत शिल्लक असेल आणि तुम्ही आधी असे घर घेतलेले नसेल, तर वर्क परमिटधारकाला तिच्यातून सूट आहे. परंतु खरा अडथळा ओंटारिओचा अनिवासी सट्टा कर आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून संपूर्ण प्रांतात २५ टक्के आहे आणि वर्क परमिटला त्यात सरसकट सूट नाही. सहा लाखांच्या घरावर दीड लाख डॉलर! पत्नी पीआर किंवा नागरिक असेल आणि दोघे मिळून घर घेत असाल, किंवा पीआरसाठी प्रांताची शिफारस देणाऱ्या ओंटारिओच्या नॉमिनी योजनेत तुमची निवड झाली असेल, तर सूट मिळू शकते. खरेदीनंतर चार वर्षांत पीआर मिळाले तर परतावा मागता येतो, पण त्यासाठी पीआर झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि घरात स्वतः राहिलेले असावे लागते. माझा सल्ला स्पष्ट आहे: पीआर हातात येईपर्यंत थांबा.

कौलारू

मी या दोन्ही शहरांत घरांच्या दुरुस्तीची कामे केली आहेत. शहर कोणते यापेक्षा घर कोणत्या दशकातील आहे यावर तुमचा पहिल्या पाच वर्षांचा खर्च ठरतो, असे माझे मत आहे.

दक्षिणवारा यांनी सुचवलेले बंगलो उत्तम बांधणीचे असतात. तरीही १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बांधलेल्या घरांत ॲल्युमिनियमचे वायरिंग असण्याची शक्यता मोठी आहे. किचनरच्या फॉरेस्ट हाइट्स आणि स्टॅनली पार्क या भागांतही हीच गोष्ट. असे घर घेऊ नये असे नाही. प्रत्येक सॉकेटशी तांब्याचा तुकडा योग्य कनेक्टरने जोडून वायरिंग सुरक्षित करता येते. परंतु बऱ्याच विमा कंपन्या तपासणीचा दाखला मागतात, आणि घराचा विमा नसेल तर बँक कर्जाची रक्कम सोडत नाही. लंडनच्या ओल्ड साउथ किंवा वर्टली व्हिलेजमधील शंभर वर्षांच्या देखण्या घरांत तर त्याहून जुने, चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेले वायरिंग भिंतीत अजून सापडते.

तळघरात गेल्यावर भिंतीच्या तळाशी पांढरट भुकटी दिसते का ते पाहा. ओल आत येऊन वाळली की क्षार मागे राहतात. नव्याने रंगवलेल्या एकाच भिंतीवर विशेष लक्ष ठेवा. तळघरात साचणारे पाणी बाहेर टाकणाऱ्या सम्प पंपाच्या खड्ड्याचे झाकण उघडायला सांगा आणि वीज गेल्यावर तो बॅटरीवर चालतो का ते विचारा, कारण पाऊस आणि वीज जाणे ही दोन्ही एकाच वेळी येतात. लंडनमध्ये थेम्स नदीच्या आणि किचनरमध्ये ग्रँड नदीच्या खोऱ्याजवळचे घर असेल तर त्या त्या कन्झर्व्हेशन ऑथॉरिटीच्या (नदीखोऱ्याची देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नकाशात ते नियंत्रित क्षेत्रात येते का, हे वकिलाकडून तपासून घ्या. येत असेल तर मागे साधा डेक बांधायलाही परवानगी लागू शकते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ओंटारिओत पाणी तापवण्याची टाकी बहुतेक घरांत भाड्याची असते. माझ्या मेहुण्याने घर घेतले तेव्हा टाकीबरोबर फर्नेस, एसी आणि पाण्याचा फिल्टरही एका कंपनीकडून दीर्घ मुदतीच्या भाड्यावर निघाला, आणि करार मोडायचा तर हजारो डॉलरची मागणी झाली. विक्रेत्याने ते करारात एका ओळीत लिहिले होते. जून २०२४ मध्ये ओंटारिओने कायदा करून अशा वस्तूंसाठी घराच्या मालकीवर नोंद चढवण्याची पद्धत बंद केली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण भाड्याचा करार स्वतः तसाच राहतो. ऑफर लिहितानाच भाड्याच्या प्रत्येक वस्तूचे नाव, मासिक रक्कम आणि करार मोडण्याची किंमत लेखी मागा; नाहीतर विक्रेत्याने त्या फेडून द्याव्यात अशी अट घाला.

कृष्णाकाठ

कौलारू यांच्या मुद्द्याला पुष्टी देतो. किचनरच्या दक्षिणेस डून भागात कोनेस्टोगा कॉलेजच्या आसपास पुष्कळ घरे विद्यार्थ्यांसाठी खोल्या पाडून वापरली गेली. जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली आणि त्यातील बरीच घरे विक्रीला निघाली. बाहेरून ती नवी आणि स्वस्त दिसतात, पण तळघरातील खोल्यांना परवानगी होती का, खिडकीतून आणीबाणीत बाहेर पडता येते का, मध्ये अग्निरोधक भिंत आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि तळघराच्या भाड्यावर हप्ता भरण्याचे गणित तर अजिबात मांडू नका. ते दिवस दोन्ही शहरांत संपले आहेत. लंडनमध्ये फॅनशॉ कॉलेजजवळ हीच स्थिती आहे.

घरात भाडेकरू असेल तर घर रिकामे करून ताब्यात देण्याची अट ऑफरमध्ये हवीच. नोटीस दिली आणि भाडेकरू निघाला नाही, तर प्रकरण न्यायाधिकरणापुढे महिनोन्‌महिने रेंगाळते.

दक्षिणवारा

या बाबतीत मी पूर्ण सहमत आहे. घरपट्टीबद्दल थोडे लिहिते, कारण लंडनचा दर किचनरपेक्षा जास्त आहे म्हणून लोक बिचकतात. घरपट्टी खरेदी किमतीवर लागत नाही. संपूर्ण ओंटारिओत ती अजूनही १ जानेवारी २०१६ च्या मूल्यांकनावर आकारली जाते. त्या काळी लंडनमधील घरांचे मूल्यांकन बरेच कमी होते, त्यामुळे दर जास्त असूनही प्रत्यक्ष बिलात फार मोठा फरक पडत नाही. पत्ता सांगून मागच्या वर्षीचे अंतिम बिल मागावे, म्हणजे अंदाज करायची गरज राहत नाही. अगदी नवे घर घेत असाल तर सुरुवातीची बिले फक्त जागेवर येतात आणि बांधकामाचे मूल्यांकन झाल्यावर मागील दोन वर्षांपर्यंतची थकबाकी एकदम येऊ शकते, तेव्हा तेवढी रक्कम बाजूला ठेवावी.

आणि कृष्णाकाठ, आयॉनच्या थांब्याजवळ साडेसहा लाखांत आजी-आजोबांसाठी एकाच मजल्यावरचे घर मिळते का, हे मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

कृष्णाकाठ

प्रामाणिक उत्तर: क्वचित मिळते. लाइनजवळ कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, भरपूर आहेत आणि त्यांच्या किमती बऱ्याच उतरल्या आहेत, पण पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला त्या पुरणार नाहीत. स्टॅनली पार्क किंवा रोझमाउंटमध्ये जुना बंगलो मिळू शकेल, मात्र तेथून थांब्यापर्यंत बसने जावे लागेल. तुम्ही आणि मी एकाच मुद्द्यावर येऊन थांबलो आहोत, तो म्हणजे या कुटुंबात कोणाच्या नोकरीने घराची जागा ठरवावी. तो निर्णय त्या दोघांचाच.

उंबरठा

आम्ही तो निर्णय घेतला आहे. नवऱ्याने स्वतःहून सांगितले की त्याची नोकरी बदलली तरी तो कोठूनही काम शोधू शकेल, आणि ते दोन दिवस तो सलग घेऊन टोरोंटोला एक रात्र भावाकडे राहील. भाऊ तयार आहे. मी लंडनच्या रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागासाठी अर्ज केला आहे. नोकरीचे पत्र हातात आल्याशिवाय आणि एक हिवाळा तेथे भाड्याने काढल्याशिवाय ऑफर द्यायची नाही, असेही ठरवले आहे. एफएचएसए खाती दोघांच्या नावाने उघडली आणि पुण्यातील मूल्यांककाशी बोलणे झाले. बँक ऑफ कॅनडाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला दर २.२५ टक्क्यांवर आणला तेव्हा आता घाई करा असे सर्वांनी सांगितले होते, पण लंडनमध्ये सध्या घरे बाजारात बराच काळ पडून असतात असे आम्हाला दिसते, त्यामुळे थांबण्याची भीती वाटत नाही.

कौलारू, एक शेवटचे विचारते. वेस्टमाउंटमधील १९७२ चा एक बंगलो आम्हाला पाहताक्षणी आवडला. तो तोपर्यंत राहणार नाही हे माहीत आहे, पण तशाच घरासाठी ऑफरमध्ये नेमक्या कोणत्या अटी घालाव्यात?

कौलारू

१९७२ चे असेल तर तीन अटी. पहिली कर्जाची, दुसरी तपासणीची आणि तिसरी विम्याची. तिसरी लोक विसरतात, म्हणून ती वेगळी लिहून घ्या: खरेदीदाराला स्वीकारार्ह दरात घराचा विमा मिळाला तरच करार पक्का. या तिन्हींसाठी किमान पाच कामकाजाचे दिवस मागा आणि पहिल्याच दिवशी विमा कंपनीला फोन करून वायरिंग, पॅनलची क्षमता, छताचे वय आणि पाण्याच्या नळ्या कशाच्या आहेत हे सांगा. तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि इलेक्ट्रिशियनला पॅनलचे झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. वायर चंदेरी असेल आणि कव्हरवर ॲल्युमिनियमची खूण छापलेली असेल तर दुरुस्तीचा लेखी अंदाज त्याच दिवशी घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी मागा. जमिनीतून घरात झिरपणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूची चाचणी अटीच्या मुदतीत नीट होत नाही. ती घरात राहायला गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात तीन महिने उपकरण तळघरात ठेवून करा. आकडा दर घनमीटरला २०० बेकरेलच्या वर आला तर जमिनीखालून हवा ओढून बाहेर सोडणारा पंखा बसवून घ्यावा लागतो, आणि सासूसासरे तळमजल्यावर किंवा तळघरात झोपणार असतील तर ते काम पुढे ढकलू नका.